पाळी सुरू होण्यापूर्वीची दहा मिनिटे: सुपरवायझरने सुरक्षेविषयी कसे बोलावे

कारखाना असो, बांधकाम असो, गोदाम असो किंवा एखाद्या इमारतीचा देखभाल विभाग असो, पाळी सुरू होताना सुपरवायझर आपल्या गटाला एका जागी थांबवतो आणि त्या दिवसाच्या कामातील धोक्यांविषयी पाच ते पंधरा मिनिटे चर्चा करतो. या चर्चेला बहुतेक ठिकाणी ‘टूलबॉक्स टॉक’ म्हणतात. ती वर्गातील प्रशिक्षणापेक्षा वेगळी असते, कारण प्रशिक्षणात यंत्राची किंवा कामाची सर्वसाधारण माहिती दिली जाते, तर येथे केवळ आज, या जागी, या माणसांकडून होणाऱ्या कामाचा विचार होतो. वर्क परमिटपेक्षाही ती वेगळी असते. परमिट हा परवानगीचा कागद आहे आणि त्यावर सही करणारा माणूस व प्रत्यक्ष पाना हातात धरणारा माणूस बहुधा एक नसतात. सुरक्षा अधिकाऱ्याची मासिक बैठक ही आणखी निराळी गोष्ट असून तिच्यात धोरण, आकडेवारी आणि प्रलंबित कामे यांचा आढावा घेतला जातो.

ही चर्चा सुरक्षा अधिकाऱ्याने घेण्याऐवजी सुपरवायझरने घ्यावी, यामागे साधे कारण आहे. कामाची वाटणी तोच करतो, कोणत्या कामासाठी किती माणसे आणि किती वेळ द्यायचा हे तोच ठरवतो, आणि कोणती चूक त्याने पाहूनही न पाहिल्यासारखी केली हे गटाला नेमके ठाऊक असते. गार्ड, म्हणजे फिरत्या भागांवरचे संरक्षक आवरण, काढून ठेवलेल्या यंत्राजवळून सुपरवायझर दोनदा काही न बोलता गेला, तर गार्डविषयीचा लेखी नियम त्या विभागापुरता रद्द झाल्यासारखाच असतो. त्यामुळे त्याच्या तोंडून आलेल्या शब्दाला जे वजन असते ते बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञाच्या शब्दाला मिळत नाही. मात्र हेच वजन चर्चेच्या आड येऊ शकते, कारण ज्याच्या हाती कामाची वाटणी असते त्याच्यासमोर माणसे जपून बोलतात. प्रत्यक्षात या चर्चेची किंमत सुपरवायझरने काय सांगितले यापेक्षा त्याला काय ऐकायला मिळाले आणि त्यामुळे त्या दिवसाच्या कामात काय बदलले, यावर ठरते. या लेखातील बाकीचे सारे विवेचन त्या एका मुद्द्याला धरून आहे.

प्रशिक्षित माणसांना पुन्हा काय सांगायचे?

अनुभवी कामगारांच्या गटाकडून हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. वीस वर्षे वेल्डिंग करणाऱ्याला ठिणग्या उडतात हे सांगण्यात काही अर्थ नाही. परंतु त्याला एक गोष्ट ठाऊक नसते, ती म्हणजे काल संध्याकाळी त्याच्या कामाच्या जागेखाली दुसऱ्या गटाने रंगाचे डबे आणून ठेवले आहेत. यंत्राचा स्वभाव अनुभवाने कळतो, पण परिस्थितीतला कालपासूनचा बदल कोणीतरी सांगितल्याखेरीज कळत नाही. नवा हेल्पर, बंद पडलेला दिवा, रात्री झालेला पाऊस, बदली म्हणून आलेली क्रेन, शेजारी खोदकाम सुरू केलेले दुसऱ्या कंत्राटदाराचे लोक या सर्व गोष्टी प्रशिक्षणाच्या पुस्तकात सापडत नाहीत.

माहिती योग्य माणसापर्यंत न पोहोचल्याने काय होते, याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेल-वायू उत्पादन करणाऱ्या प्लॅटफॉर्मवरील ६ जुलै १९८८ ची दुर्घटना. तेथे द्रवरूप वायू पुढे ढकलणारे दोन पंप होते. त्यांपैकी एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दिवसपाळीत दुरुस्तीसाठी काढण्यात आला आणि उघड्या राहिलेल्या तोंडावर तात्पुरती झाकणपट्टी बसवण्यात आली. ते काम त्या दिवशी पूर्ण झाले नाही. पंपाच्या दुरुस्तीचे परमिट वेगळे होते, व्हॉल्व्हचे वेगळे होते, आणि व्हॉल्व्ह जागेवर नाही ही गोष्ट रात्रपाळीच्या माणसांना समजली नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला, तेव्हा त्यांनी हा पंप सुरू करण्याचा निर्णय घेतला. झाकणपट्टीतून वायू सुटला, स्फोट झाला आणि पुढच्या आगीत १६७ माणसे मृत्युमुखी पडली. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने १९९० मध्ये परमिटच्या पद्धतीतील आणि पाळीबदलाच्या वेळच्या संवादातील त्रुटींवर नेमके बोट ठेवले. त्या रात्री एका टूलबॉक्स टॉकने सर्व टळले असते असा दावा करणे उथळपणाचे ठरेल, कारण आरेखनापासून व्यवस्थापनापर्यंत अनेक दोष तेथे एकत्र आले होते. तरीही आपल्या विभागात आज कोणती गोष्ट अर्धवट अवस्थेत सोडलेली आहे, हा प्रश्न रोजच्या चर्चेत पहिल्या स्थानी का असावा, हे या घटनेवरून कळते.

थोडा वेळ थांबून केलेल्या बोलण्याचा परिणाम मोजता येतो, याचा दाखला वैद्यकक्षेत्रात मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक तपासणी यादी आणली. चीर देण्यापूर्वी सर्वांनी क्षणभर थांबावे, प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे, रुग्ण, शस्त्रक्रिया आणि जागा यांची खात्री करावी आणि अपेक्षित अडचणी बोलून दाखवाव्यात, असे तिचे स्वरूप आहे. आठ शहरांतील आठ रुग्णालयांत तिचा वापर करून पाहिल्यावर २००९ च्या सुरुवातीला जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे नोंदवले होते. यादी वापरणारे सर्वजण आपापल्या कामात निष्णात होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

विषय किती लहान असावा

‘सुरक्षित काम करा’ हा विषय होऊ शकत नाही, आणि ‘उंचीवरील काम’ हादेखील दहा मिनिटांच्या मानाने फार मोठा आहे. ‘आज पूर्वेकडच्या भिंतीवर शिडी लावताना तिचा पाय कुठे टेकणार’ हा विषय योग्य मापाचा आहे. शिडी टेकवण्याच्या उंचीच्या एक चतुर्थांश इतक्या अंतरावर, भिंतीपासून मोजून, तिचा पाय असावा, म्हणजे चार मीटर उंचीला एक मीटर, आणि वरच्या मजल्यावर उतरायचे असल्यास शिडीचे टोक त्या पातळीच्या वर सुमारे एक मीटर यावे, ही माहिती सांगायला अर्धा मिनिट लागतो. उरलेला वेळ त्या विशिष्ट भिंतीजवळ एक मीटर मोकळी जागा आहे का, जमीन सपाट आहे का, दरवाजा बाहेरच्या बाजूला उघडतो का, आणि ही कामे शिडीऐवजी परांचीवरून करणे शक्य आहे का, या प्रश्नांना द्यावा.

विषय शोधण्यासाठी छापील संग्रह उपलब्ध असतात आणि अडचणीच्या दिवशी त्यांचा आधार घ्यायला हरकत नाही. पण रोज त्यातील एक पान मोठ्याने वाचणे हा ही प्रथा निर्जीव करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. खरा विषय आजच्या कामाच्या यादीत असतो, किंवा काल थोडक्यात निभावलेल्या प्रसंगात असतो. ओझे उचलण्याचा पट्टा (स्लिंग) घसरला पण खाली कोणी नव्हते, फोर्कलिफ्ट वळणावर आली आणि पायी चालणारा वेळेवर बाजूला झाला, अशा प्रसंगांना नियर मिस म्हणतात. त्यांत कोणालाही दुखापत झालेली नसल्याने ते मोकळेपणाने बोलता येतात, आणि कारण मात्र अपघाताइतकेच स्पष्ट दिसते.

येथे एका जुन्या आकड्याविषयी सावध राहणे आवश्यक आहे. अमेरिकेतील विमा कंपनीत काम करणाऱ्या हाइनरिक यांनी १९३१ मध्ये असे मांडले की एका गंभीर दुखापतीमागे २९ किरकोळ दुखापती आणि ३०० दुखापतविरहित घटना असतात. त्रिकोणाच्या आकृतीत काढलेली ही मांडणी आजही अनेक कार्यालयांच्या भिंतींवर दिसते. त्यातून लहान घटनांकडे लक्ष द्यावे हा बोध योग्य निघतो, पण त्यातील आकडे हा निसर्गनियम नाही, आणि किरकोळ दुखापती कमी केल्या की मृत्यू आपोआप त्याच प्रमाणात कमी होतात असेही नाही, अशी टीका पुढील काळातील अभ्यासकांनी केली आहे. बोटाला कापणे, पाय मुरगळणे या घटनांची कारणे आणि माणूस उंचावरून पडणे, विजेचा धक्का बसणे, बंदिस्त जागेत गुदमरणे, वाहनाखाली येणे किंवा उचललेले ओझे अंगावर कोसळणे या घटनांची कारणे पुष्कळदा निरनिराळी असतात. म्हणून ज्या सुपरवायझरचे विषय केवळ वारंवार घडणाऱ्या लहान जखमांवरून ठरतात, त्याच्या चर्चेत क्वचित घडणारा पण जीव घेणारा धोका महिनोन्‌महिने येतच नाही. आपल्या विभागात माणसाचा जीव जाऊ शकेल अशी कामे कोणती, याची लहानशी यादी त्याने स्वतःजवळ ठेवावी आणि त्यांपैकी कोणतेही काम त्या दिवशी असेल, तर बाकीचे विषय बाजूला ठेवावेत.

एक नमुना: टाकीत उतरण्याचे काम

समजा, आज रिकाम्या टाकीची आतून सफाई करायची आहे. हवेत प्राणवायूचे प्रमाण सुमारे २०.९ टक्के असते आणि ते १९.५ टक्क्यांच्या खाली गेल्यास ती जागा प्रवेशासाठी धोकादायक मानली जाते. बंद राहिलेल्या लोखंडी टाकीत काहीही भरलेले नसले, तरी आतील गंज चढण्याच्या क्रियेतच प्राणवायू खर्च होतो. म्हणून ‘टाकी रिकामी आहे’ ही माहिती दिलासा देणारी नाही. सांडपाण्याच्या किंवा गाळाच्या जागी हायड्रोजन सल्फाइड असू शकतो. त्याला सडलेल्या अंड्यासारखा वास येतो, परंतु हवेत त्याचे प्रमाण दहा लाखांत सुमारे १०० भागांपर्यंत पोहोचले की नाकाची वास ओळखण्याची क्षमताच मंदावते. वास येईनासा झाला म्हणजे वायू निघून गेला असे समजणारा माणूस येथेच फसतो.

हे सर्व सांगायला तीन मिनिटे लागतात आणि येथे थांबले तर तो एक चांगला धडा होतो. चर्चा मात्र पुढील प्रश्नापासून सुरू होते: “आत गेलेला माणूस हाकेला ओ देईनासा झाला, तर बाहेर उभा असलेला सर्वांत आधी काय करील?” पुष्कळ गटांत पहिले उत्तर “आत जाऊन त्याला बाहेर काढीन” असे येते. हे उत्तर धाडसाचे आणि मैत्रीचे आहे, आणि नेमके हेच उत्तर दुसरा बळी घेते. अमेरिकेच्या नायोश या व्यावसायिक सुरक्षा संशोधन संस्थेने १९८६ मध्ये दिलेल्या इशाऱ्यात म्हटले होते की बंदिस्त जागांतील मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक माणसे वाचवायला गेलेली होती. हा आकडा उत्तर आल्यावर सांगितला तर तो त्या माणसाला स्वतःविषयीचा वाटतो, आणि आधीच सांगितला तर तो कोणा अनोळखी लोकांविषयीचा राहतो. त्यानंतर पुढचे प्रश्न सहज येतात. बाहेरच्या माणसाने आत न जाता माणूस वर ओढायचा असेल, तर दोर आणि तिपाई येथे आहे का? आतल्या माणसाने हार्नेस, म्हणजे दोर अडकवता येणारा अंगाभोवतीचा सुरक्षा पट्टा, घातला आहे का? हवा मोजण्याचे यंत्र कोणाजवळ आहे, त्याने टाकीच्या वरच्या, मधल्या आणि तळाच्या भागात मोजले का, आणि काम सुरू असताना तो पुन्हा केव्हा मोजणार? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर “बघतो” असे आले, तर काम सुरू करायचे नाही, हा त्या चर्चेचा निर्णय असतो.

प्रश्न विचारण्याची रीत

“समजले का सगळ्यांना?” या प्रश्नाला “हो” हेच उत्तर येते, कारण दुसरे उत्तर देणारा माणूस सर्वांदेखत अडाणी ठरतो. या प्रश्नाने काहीही कळत नाही. त्याऐवजी ज्याचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही आणि ज्यात कामाचा प्रत्यक्ष संबंध येतो असा प्रश्न विचारावा. “वीज बंद आहे हे तुम्ही कशावरून ठरवाल?” असे विचारल्यावर एकजण सांगेल की बटण दाबून यंत्र थांबवले, दुसरा सांगेल की मुख्य स्विच खाली पाडला, आणि तिसरा सांगेल की स्विचला स्वतःचे कुलूप लावून किल्ली खिशात ठेवली व नंतर यंत्र सुरू होत नाही ना हे बटण दाबून तपासले. या तीन उत्तरांमधील अंतर गटासमोर आपोआप उघड होते, आणि लॉकआऊटविषयी, म्हणजे कुलूप लावून ऊर्जा तोडण्याच्या पद्धतीविषयी, लांबलचक भाषण करण्याची गरज उरत नाही. यापुढे एकच प्रश्न पुरतो: वीज तोडल्यावरही यंत्रात कोणती ऊर्जा शिल्लक राहते? ताणलेली स्प्रिंग, हायड्रॉलिक नळीतील दाब, वर उचलून धरलेला भाग, भारित कपॅसिटर ही उत्तरे अनुभवी फिटरकडून येतात आणि नवख्या हेल्परला ती त्याच्याकडूनच ऐकायला मिळालेली जास्त चांगली.

सूचना पोहोचली की नाही हे तपासण्याची दुसरी रीत रुग्णालयांत प्रचलित आहे. तेथे रुग्णाला “कळले का?” असे न विचारता, औषध घरी कसे घ्याल हे त्याच्याच शब्दांत सांगायला लावतात. सुपरवायझरने “मी नीट सांगितले की नाही हे मला पाहायचे आहे, तुम्ही आता कशी सुरुवात कराल ते सांगा,” असे म्हटले, तर परीक्षा त्याच्या सांगण्याची होते आणि उत्तर देणाऱ्यावरचे दडपण कमी होते.

प्रश्न विचारल्यानंतर गप्प राहणे हे या कामातील सर्वांत कठीण कौशल्य आहे, असे माझे मत आहे. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात शाळांतील वर्गांचे निरीक्षण करून दाखवले की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात, आणि हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला की उत्तरे लांब होतात व अधिक मुले बोलू लागतात. उभ्या-उभ्या चाललेल्या चर्चेत, कामाला उशीर होत असताना, तीन सेकंदांची शांतता फार मोठी वाटते. सुपरवायझर अस्वस्थ होतो आणि स्वतःच उत्तर देऊन टाकतो. गट हे लवकर ओळखतो आणि पुढच्या वेळेपासून त्याच्या उत्तराची वाट पाहत उभा राहतो.

आणि मग कोणीतरी बोलतो, तेव्हा त्या पहिल्या उत्तराचे काय होते यावर पुढच्या कित्येक चर्चांचे भवितव्य अवलंबून असते. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील विमानतळावर धुक्यात दोन बोइंग ७४७ विमानांची टक्कर होऊन ५८३ जणांचा मृत्यू झाला. उड्डाणासाठी धावू लागलेल्या विमानातील फ्लाइट इंजिनिअरने दुसरे विमान धावपट्टीवरून अजून बाजूला झालेले नाही का, अशी शंका विचारली होती, हे कॉकपिटमधील ध्वनिमुद्रणावरून कळले. कॅप्टनने ठामपणे ते बाजूला झाल्याचे सांगितले आणि शंका तेथेच विरली. त्या दुर्घटनेनंतर विमानवाहतुकीत कनिष्ठ सहकाऱ्याने शंका कशी लावून धरावी आणि वरिष्ठाने ती कशी ऐकावी, याचे स्वतंत्र प्रशिक्षण हळूहळू रूढ झाले. कामाच्या जागी यातून घ्यायची गोष्ट छोटी आहे. हेल्परने “साहेब, तो पट्टा थोडा फाटल्यासारखा वाटतो,” असे म्हटले तर “काही होत नाही, कालच वापरलाय,” हे उत्तर देण्याआधी तो पट्टा सर्वांसमोर हातात घेऊन पाहावा. पट्टा चांगला निघाला तरी दाखवणाऱ्याला तसे नीट सांगावे. त्याची शंका चुकीची ठरल्यावर कोणी हसले, तर त्या हसण्याला तेथेच आवर घालावा.

एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील औषधांच्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा ज्या विभागांचे नेतृत्व आणि परस्परसंबंध चांगले होते, तेथे नोंदवलेल्या चुकांचे प्रमाण जास्त आढळले. त्याचा अर्थ असा लावला गेला की तेथे चुका जास्त होत नव्हत्या, तर त्या बोलून दाखवण्याची भीती कमी होती. म्हणून चर्चेत तक्रारी आणि शंका वाढू लागल्या तर सुपरवायझरने घाबरून जाऊ नये. एखाद्याने स्वतःची चूक सांगितली, तर तिच्यावर त्याच जागी शिस्तभंगाची भाषा वापरू नये; जाणूनबुजून केलेल्या बेपर्वाईचा विचार स्वतंत्रपणे, एकांतात करता येतो. जखमी झालेल्या सहकाऱ्याचे नाव घेऊन त्याच्या चुकांचा पाढा वाचणे तर कटाक्षाने टाळावे.

चर्चा हेल्मेटवर येऊन थांबू नये

बहुतेक छोट्या सुरक्षा चर्चांचा शेवट हेल्मेट, गॉगल, हातमोजे आणि बूट यांच्या आठवणीने होतो. ही साधने आवश्यक आहेत, परंतु धोका नियंत्रणाच्या मान्य क्रमात ती सर्वांत शेवटी येतात. आधी धोकाच काढून टाकता येईल का हे पाहायचे, नंतर कमी धोक्याचा पर्याय, नंतर गार्ड, कठडा, वायुवीजन अशी यांत्रिक व्यवस्था, नंतर कामाची पद्धत, वेळापत्रक आणि सूचनाफलक, आणि या सर्वांनंतरही जे उरते त्यासाठी अंगावरची साधने. वरच्या पायऱ्यांवरील उपाय माणसाच्या आठवणीवर किंवा शिस्तीवर विसंबून नसतात, म्हणून ते अधिक भरवशाचे असतात.

आवाजाचे उदाहरण घेतले तर हा क्रम चर्चेत कसा उतरतो ते दिसते. नायोशच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तासांपेक्षा जास्त काम करू नये, आणि आवाज दर तीन डेसिबलने वाढला की हा वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ डेसिबलला चार तास आणि ९१ डेसिबलला दोन तास. मोजण्याचे यंत्र जवळ नसेल, तर हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागतो का, ही ढोबळ खूण वापरता येते. आता “इअरप्लग घाला” असे म्हणून चर्चा दोन मिनिटांत संपवता येईल. पण “हे घासकाम याच जागी, सगळे असतानाच करावे लागते का?” असे विचारल्यावर कोणी सांगेल की भाग आधीच कापून आणला तर निम्मे घासकाम वाचते, कोणी सांगेल की ग्राइंडरचे बेअरिंग गेल्यामुळे तो जास्त ओरडतो, आणि कोणी सांगेल की ते काम जेवणाच्या सुट्टीनंतर मागच्या शेडमध्ये हलवता येईल. अशा सूचना कामगारच देऊ शकतात, कारण तो आवाज रोज त्यांच्या कानांवर पडत असतो. सुपरवायझरच्या अधिकारात जेवढे असेल तेवढे त्याने तिथल्या तिथे मान्य करावे, आणि जे नसेल ते कोणाकडे नेणार हे सांगावे.

जागेविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. चर्चा शक्यतो कामाच्या ठिकाणी व्हावी, पण यंत्रांचा गोंगाट बंद असावा. सर्वांना बोलणाऱ्याचा चेहरा दिसावा. सूर्य त्यांच्या डोळ्यांवर येऊ नये. हार्नेसविषयी बोलायचे तर हार्नेस हातात असावा. गटातील कोणाला भाषा नीट समजत नसेल, तर त्याच्या भाषेत सांगणारा सहकारी आधीच ठरवावा, आणि बदली किंवा कंत्राटी माणसांना “हे आपले नव्हेत” म्हणून वगळू नये, कारण जागेची माहिती सर्वांत कमी त्यांनाच असते. उशिरा आलेल्याला कामावर पाठवण्याआधी तेच दोन मिनिटांत सांगण्याची जबाबदारी कोणावर आहे, हेही ठरलेले असावे.

काम थांबवण्याचा शब्द

चर्चेत अधूनमधून उघडपणे सांगायला हवे असे एक वाक्य आहे: धोका वाटला तर काम थांबवा, मी तुमच्या बाजूने उभा राहीन. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात अशी तरतूद आहे की जीवाला किंवा आरोग्याला तातडीचा व गंभीर धोका असल्याचे वाजवी कारणाने वाटल्यामुळे कामावरून बाजूला होणाऱ्या कामगाराला त्याचे अनिष्ट परिणाम भोगावे लागू नयेत. २०२२ मध्ये या संघटनेने सुरक्षित आणि आरोग्यपूर्ण कार्यपरिसराला कामगारांच्या मूलभूत हक्कांत स्थान दिले. कामाच्या जागेवरील सुरक्षा व आरोग्य व्यवस्थापन पद्धतीचे आयएसओ ४५००१ हे २०१८ चे मानकही कामगारांशी विचारविनिमय आणि त्यांचा सहभाग अपेक्षित धरते. तत्त्व म्हणून हे सर्वांना मान्य असते. अडचण चर्चा संपताना येते, जेव्हा तोच सुपरवायझर शेवटी म्हणतो, “चला, आज माल चारपर्यंत निघालाच पाहिजे.” या एका वाक्याने आधीच्या नऊ मिनिटांचा अर्थ बदलतो. मुदत खरोखर कडक असेल तर ती लपवण्यात अर्थ नाही. ती चर्चेच्या सुरुवातीलाच मांडावी, आणि घाईमुळे आज कोणती पायरी गाळली जाण्याची शक्यता आहे हे गटालाच विचारावे. कुलूप लावणे, परांचीची तपासणी, सिग्नलमनची नेमणूक अशी उत्तरे येतील, आणि मग त्या पायऱ्या गाळायच्या नाहीत असे सर्वांसमोर ठरवता येईल.

कधी चर्चा भरकटते. पगाराची पावती, बसची वेळ किंवा सुट्टीचा वाद या दहा मिनिटांत शिरतो. तो टाळून न देता लिहून घ्यावा, केव्हा बोलायचे ते सांगावे आणि विषयावर परत यावे. त्यात एक अपवाद ठेवावा लागतो: सलग दोन पाळ्या केल्याची तक्रार वरकरणी हजेरीची वाटते, पण झोप न झालेला माणूस क्रेन चालवणार असेल, तर तोच आजचा विषय असतो.

नोंदवहीत काय उतरावे

हजेरीचा कागद आणि त्यावरच्या सह्या अनेक ठिकाणी बंधनकारक असतात आणि अपघातानंतर तोच कागद प्रथम मागितला जातो. त्यामुळे सह्या घेणे हाच चर्चेचा हेतू असल्याचा समज पसरतो, आणि चालत्या कामात कागद फिरवून सह्या गोळा करण्यापर्यंत मजल जाते. सही केवळ माणूस हजर होता एवढेच सांगते. उपयोगी नोंदीत आणखी चार गोष्टी असतात: नेमका विषय, कोणी कोणती अडचण सांगितली, ती कोण सोडवणार, आणि केव्हापर्यंत. दुसऱ्या दिवशीची चर्चा नव्या विषयाआधी या प्रलंबित नोंदीने सुरू करावी. जिन्यावरचा दिवा बसला असेल तर ज्याने सांगितले त्याच्याकडे पाहून तसे सांगावे. बसला नसेल तर का नाही आणि आता काय, हे सांगावे. मागणी नामंजूर झाली असेल तर तेही कारणासह सांगावे. नकार माणसे पचवतात. आपण सांगितलेली गोष्ट कुठे गेली हेच न कळणे त्यांना गप्प करते, आणि एकदा गप्प झालेला गट पुन्हा बोलता करायला महिने लागतात.

चर्चेचा परिणाम तपासण्याची जागा नोंदवही नसून कामाची जागा आहे. तासाभराने सुपरवायझरने फेरी मारावी आणि सकाळी ठरलेली एकच गोष्ट पाहावी: शिडीचा पाय ठरल्या जागी आहे का, कुलपे माणसांच्या संख्येइतकी आहेत का, टाकीबाहेरचा माणूस जागेवर उभा आहे का. ती झालेली नसेल तर ओरडण्याआधी काय आडवे आले हे विचारावे, कारण पुष्कळदा कुलूपच कमी पडलेले असते किंवा शिडी दुसऱ्या गटाने नेलेली असते, आणि ही माहिती उद्याच्या चर्चेसाठी कोणत्याही छापील विषयापेक्षा मोलाची असते. महिन्याअखेरीस किती चर्चा झाल्या हा आकडा वर पाठवावा लागत असेल तर तो पाठवावा. स्वतःसाठी मात्र त्या महिन्यात कामगारांनी किती अडचणी मांडल्या आणि त्यांपैकी किती सुटल्या, हे मोजावे. मांडलेल्या अडचणींचा आकडा शून्यावर आला असेल, तर पुढच्या आठवड्यात चर्चा गटातील एखाद्या जुन्या कामगाराकडे सोपवावी, आणि सुपरवायझरने बाकीच्यांबरोबर रांगेत उभे राहून ती ऐकावी.